चौथी पुडी

आमच्या गायन पार्टीची पत्र्याची एक निळी ट्रंक आहे. तिच्या झाकणाला आतून मी यादी चिकटवलेली आहे. ढोलक्या दोन, नट आवळायचा पाना एक, हार्मोनियम, बेंजो, बेंजोच्या जादा तारा, झांजा, इस्त्रीच्या साड्यांची पिशवी, सेफ्टी पिनांची डबी, खडीसाखर. कार्यक्रमाला निघताना मी यादी मोठ्यानं वाचते, एकेका वस्तूवर बोट ठेवते, आणि मगच गाडीचं दार लागतं. पार्टीतले लोक मला 'सेक्रेटरीबाई' म्हणून चिडवतात. चिडवू देत. एका लग्नात आम्ही झांजा विसरलो होतो आणि स्टीलच्या दोन ताटल्यांवर अख्खा कार्यक्रम निभावला होता. नवरीच्या मावशीनं त्या ताटल्या उजेडात धरून पोचे बघून परत घेतल्या. त्या दिवसापासून यादी.

ट्रंकेत एक वहीसुद्धा असते. काय फाटलं, काय तुटलं, काय नवीन बसवलं, एवढंच तिच्यात. ही वही कुणी वाचत नाही. मीही लिहिते, पण मागची पानं उलटून बघत नाही. ती उलटली असती तर दोन-तीन महिने आधी कळलं असतं, असं मला अजून वाटतं.

आम्ही सातजण. सगळे उस्मानपुऱ्यातले, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरचे. जयंतीला गातो, लग्नात, बारशात, घरभरणीत गातो. रविवारी सकाळी विहाराच्या मागच्या खोलीत सराव. मी कोरसमध्ये. बेंजोवर माझ्या भावाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला सगळे भाऊच म्हणतात. आणि ढोलकीवर माझा तो थोरला भाऊ, आमचा दादा. दादानं एका कॉलेजच्या वाचनालयात शिपायाची नोकरी केली. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचा आणि संध्याकाळी त्याची भरपाई करायचा. ढोलकी त्यानं वयाच्या सतराव्या वर्षी हातात घेतली. आता तो साठीला आलाय, आणि त्याला ओळखणारी निम्मी माणसं त्याला नावानं नाही, 'ढोलकी' म्हणूनच ओळखतात.

फेब्रुवारीअखेरच्या एका रविवारी, सराव ऐन रंगात आलेला असताना, ढोलकीची पुडी फाटली. पुडी म्हणजे ढोलकीच्या तोंडावरचं चामडं. उजवीकडच्या, बारीक आवाजाच्या, शाई लावलेल्या बाजूची. फट्ट आवाज झाला आणि गाणं जागच्या जागी बसलं.

"मास्तर," भाऊ म्हणाले, "ढोलकी वाजवायला आणता का फोडायला?"

"चामडंच बोगस यायलंय आजकाल," दादा म्हणाला.

"व्हय, आणि माझ्या ताराबी बोगस. दर रविवारी एक तुटायलीय."

"तुझं बेंजो उतरलेलं असतंय. मी सांगतो म्हणून चढवतोस, नायतर तुला काय कळतंय?"

सगळे हसले. आमच्यात सूर लावायची रीतच अशी होती. हार्मोनियम होती, पण ती कोपऱ्यात. दादा ढोलकी लावायचा, कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हं." तो 'हं' म्हणाला की झालं. भाऊ बेंजो त्याला जुळवून घ्यायचे आणि आम्ही गळा. पट्टी जरा वर गेलीय असं एखाद्याला वाटलं तरी बोलायचं कुणी? दादाचा कान म्हणजे पार्टीचा कान.

चामडं बोगस असेल तर तक्रार करायला हवी. हे काम माझं. मी फाटक्या पुडीची ढोलकी पिशवीत घातली, दादानं त्याच सकाळी लावलेली दुसरी ढोलकी बरोबर घेतली आणि मुकुंदवाडीला ढोलकीच्या कारागिराकडे गेले. म्हातारा माणूस, बोटं शाईनं कायमची काळी. त्यानं पुडी बघितली, मग न विचारताच दुसऱ्या ढोलकीवर एक टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठल्या पट्टीत गाता ताई?"

"काळी चार."

"ही काळी चार नाय. ही लई वर गेलीय. अशी आवळल्यावर रेड्याचं कातडं असतं तरी फाटलं असतं. कोण लावतंय?"

"दादा."

त्याला दादा ठाऊक होता. त्यानं पुन्हा एकदा टिचकी मारून बघितली. "मग ह्यात काय तरी दुसरंच आहे," म्हणाला, आणि फाटकी ढोलकी घेऊन आत गेला.

रिक्षात मी वही उघडली. कारागिरानं नवी पुडी बसवायला ती फाटकी ढोलकी ठेवून घेतली होती, त्याची नोंद करायची होती. नोंद करताना वरच्या ओळीवर नजर गेली. मग त्याच्या वरच्या. पावसाळ्यापासूनची ही चौथी पुडी होती. आधीच्या वर्षी अख्ख्या वर्षात एक. बेंजोच्या तारा: पानभर. खडीसाखर: दुप्पट, कारण आम्हा कोरसच्या बायकांचे गळे बसायला लागले होते आणि आम्ही ते वयावर ढकललं होतं. मी वहीकडे बघत राहिले. ढोलकी हळूहळू वर चढत होती, तिच्यामागे बेंजो, बेंजोमागे आम्ही. सातजण एका रांगेत शिडी चढत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्याला दिसतंय.

सरळ दादाच्या घरी गेले. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. वहिनी स्वयंपाकघरात.

"अहो, भाजी काय करू?" वहिनींनी आतून विचारलं.

"व्हय," दादा म्हणाला.

"मेथी की वांगं?"

"व्हय, व्हय."

वहिनी बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंत का? वर्षभर हेच चाललंय. मी म्हटलं, बाई आणू का दुसरी घरात? तर म्हणाले, व्हय."

मी हसले, पण वही माझ्या मांडीवर होती. तेवढ्यात दादानं डोकं वर काढलं. "अगं, कुकरची शिट्टी वाजायलीय, बंद कर."

"कुकर लावलाच नाय अजून," वहिनी म्हणाल्या.

दादा पुन्हा पेपरात बघायला लागला. पण त्यानं पान उलटलं नाही, हे मी बघितलं.

"दादा, ही शिट्टी कधीपासनं वाजतेय?" मी मोठ्यानं विचारलं.

"कुठली?"

"जी वहिनींना ऐकू येत नाही ती."

त्यानं पेपराची घडी केली. मग म्हणाला, "मागच्या जयंतीपासनं. आधी कार्यक्रम झाला की वाजायची, सकाळी जायची. आता जातच नाय. टीव्ही बंद केला तरी चालूच. मला वाटलं सगळ्यांनाच वाजत असेल, कुणी बोलत नसेल."

मी कामाला लागले. काळजी करायला मला बसून जमत नाही, हाताला काहीतरी लागतं. वहीच्या मागच्या पानावर दहा आवाज लिहून काढले. भिंतीवरचं घड्याळ, काडेपेटीतल्या काड्या, वहिनींची जोडवी फरशीवर, मोबाइलची बारीक घंटी, कागद चुरगळणं, असं. दादाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. एक कान बोटानं बंद. मी मागं उभी राहून आवाज करणार, ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. तोवर भाऊ आले होते. ते परीक्षक म्हणून खाटेवर बसले आणि "कॉपी करू नका मास्तर" असं म्हणायला लागले.

दादा दहापैकी पाचावर अडला. घड्याळ नाही, काड्या नाहीत, जोडवी नाहीत. जे जे बारीक, ते ते नाही. दार लावलेलं ऐकू आलं, वहिनींचा आवाज आला.

"हिचा आवाज मेल्यावरबी ऐकू येईल," दादा म्हणाला. हसलो सगळे.

मग भाऊ म्हणाले, "आता सेक्रेटरीबाई बसा." गंमत म्हणून मी बसले. उजवा कान: दहापैकी दहा. मग उजव्यात बोट घातलं आणि वाट बघत बसले.

"करा की सुरू," मी म्हणाले.

"जोडवी झाली, काड्या झाल्या," वहिनी म्हणाल्या. "तिसरं चाललंय."

माझा डावा कान. स्टेजवर मी गेली वीसेक वर्षं कोरसच्या डाव्या टोकाला उभी राहते, आणि डावीकडे मॉनिटर असतो. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवलेला स्पीकर, त्याचं त्याला ऐकू यावं म्हणून. दादाला ढोलकी छातीत वाजलेली लागते. बाजूच्या चौकात दुसऱ्या मंडळाचा डीजे दणाणत असला की आणखीच. स्टेजवर कोण कुठं उभं राहणार आणि काय कुठं ठेवायचं, याचा नकाशा मी काढते. त्या नकाशात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'मॉनिटर – दादाच्या उजव्या हाताला – फुल.' खाली दोन रेघा मारलेल्या, साउंडवाल्यानं विसरू नये म्हणून.

त्या रात्री कसं वाटलं वगैरे लिहीत नाही. सकाळी क्रांती चौकाजवळच्या कान तपासणीच्या दवाखान्यात फोन लावला आणि दोन नंबर घेतले, एकापाठोपाठ एक.

तोवर बातमी गल्लीत पसरली होती आणि उपाय यायला लागले होते. लसणीचं कोमट तेल. ओव्याची धुरी. रुईचं पान तव्यावर शेकून. एका आजींनी सांगितलं, पाठच्या बहिणीनं कानात फुंकर घालायची. तेवढी एक मी घातली, तिनं कुणाचं काही बिघडत नाही. बाकीची यादी दवाखान्यात नेली. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम तरुण होत्या, केसांची घट्ट वेणी, आवाज स्पष्ट. त्यांनी माझी यादी वाचली, पेन घेतलं आणि सगळ्यावर एक आडवी रेघ मारली. मला त्या तिथंच आवडल्या.

आधी दादा. काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. दादा छान ताठ बसला होता, बटण दाबत होता. मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी काहीतरी फिरवलं. पुन्हा आठी. मग दार उघडून त्या आत गेल्या.

"काका, मी आवाज बंद केलाय. तुम्ही तरी दाबताय."

"आला ना बीप."

"नाही आला."

दादा ओशाळला. "तुमचे बीप ठेक्यात यायले होते मॅडम. तीन झाले की चौथा कुठं पडणार ते कळतं. हात आपोआप पडतो."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "मी पहिल्यांदाच असा पेशंट बघतेय," म्हणाल्या, आणि मग त्यांनी बीप वेडेवाकडे, मध्येच थांबून, कसेही द्यायला सुरुवात केली. दादाला समच सापडेना. तेव्हा कुठं खरा निकाल आला.

निकाल कागदावर रेघेनं असतो. दादाची रेघ डावीकडे बरी सुरू होत होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांकडे, घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत होती. दोन्ही कान तसेच. मॅडमनी समजावून सांगितलं ते मी लिहून घेतलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं वाजवल्यानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. ढोलकीच्या शाईचा जो बारीक, काचेसारखा आवाज असतो, तोच काकांना ऐकू येत नाही. त्यांना ती बाजू बसकी वाटते. म्हणून ते आवळत जातात. शिट्टी म्हणजे हरवलेल्या आवाजाच्या जागी डोक्यानं स्वतःच वाजवलेला आवाज. ती जाईलच असं नाही. पण तिच्याकडे लक्ष न देण्याची सवय लागू शकते.

"वाजवायचं बंद करू का?" दादानं विचारलं. आवाज एकदम लहान.

"वाजवणं बंद करा असं मी म्हणत नाही. असं वाजवणं बंद करा. मॉनिटर कमी. कानांत हे." त्यांनी दोन छोटे रबरी बोळे दाखवले, संगीतवाल्यांसाठी मिळतात ते. "उरलंय तेवढं जपायचं."

माझा निकाल: उजवा चांगला, डावा दादाच्या कानांचा धाकटा भाऊ. तसंच त्या म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात दादानं निकालाचा कागद मांडीवर उलगडून ठेवला होता. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाला, "बाई, यंदा जयंतीला दुसरा माणूस बघ."

"काय?"

"ज्याला ढोलकी लावता येत नाय त्यानं ढोलकीवर बसू नये. चार पुड्या फोडल्या मी. तुमचे गळे फोडले. मी खाली पहिल्या रांगेत बसतो, टाळ्या वाजवतो. टाळीला सूर लागत नाय."

मी बोटांवर मोजलं. जयंतीला सहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं ढोलकी वहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. वहिनींनी मला फोन केला: "या लवकर. माणूस घरात काहीतरी हरवल्यासारखा फिरतोय." मी भाऊंना घेऊन गेले. ढोलकी खाली काढली. दादा नको म्हणत होता. मी म्हणाले, "तू फक्त पाना धर. ऐकायचं काम आम्ही करतो." हार्मोनियमवर भाऊंनी काळी चार दाबून धरली, दादानं टिचक्या मारत नट फिरवायला सुरुवात केली.

"बस," मी म्हणाले.

"कुठं बस? अजून बसकीच आहे," भाऊ म्हणाले. "थोडं अजून. अजून. हां, आता!"

"आता लई चढली," आतून आवाज आला.

आम्ही तिघांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी भाकरी थापत होत्या. मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "अर्धा आटा सोडा. त्या खालच्या नटाचा. तिथं आवाज वाकडा यायलाय."

दादानं खालचा नट अर्धा आटा सोडला. टिचकी मारली. भाऊंचं बोट अजून काळ्या पट्टीवर होतं. दोन आवाज एकमेकांत असे गेले की खोलीत एकच आवाज आहे असं वाटलं. मला, माझ्या उजव्या कानानं, स्पष्ट कळलं.

"वहिनी," भाऊ हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा करून बघू?"

दादानं मुद्दाम सगळे नट इकडे तिकडे फिरवले. वहिनींनी आतून पुन्हा सांगितलं: ह्याचा पाव, त्याचा अर्धा, बास. पुन्हा जुळलं. तिसऱ्यांदा भाऊंनी चलाखी केली, पट्टी बदलून पांढरी पाच दाबली. वहिनी म्हणाल्या, "आता पट्टीच बदलली तुम्ही. काळी चार धरा नीट, भाकरी करपायलीय माझी."

"अगं, तुला हे कुठून येतंय?" दादा म्हणाला.

"कुठून म्हंजे? लग्न झाल्यापासनं रोज सकाळी तुमचं टॅव टॅव ऐकत भाकऱ्या थापतेय. तुमची ढोलकी लागली की माझी पहिली भाकरी फुगायची. ह्या वर्षी भाकरी फुगून गार व्हायची तरी तुमचं चालूच. मला वाटलं, नवीन काय तरी पद्धत काढली असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! चार वेळा बोलले. तुम्ही म्हणालात, व्हय."

दादा ढोलकीवर डोकं टेकवून हसला. त्या दिवशी मला कळलं की आमच्या सगळ्या पार्टीत सगळ्यात चांगला कान कधी पार्टीत नव्हताच. तो स्वयंपाकघरात होता, स्पीकरपासून लांब, म्हणून शाबूत होता.

मग मात्र मला यादी करायला वेळ लागला नाही. मॉनिटर निम्मा, आणि दादापासून चार हात दूर. मी कोरसच्या उजव्या टोकाला. सगळ्यांना कानातले बोळे. दर तीन गाण्यांनंतर पाच मिनिटं शांतता. तेवढ्या वेळात माहितीपर भाषण करू इच्छिणाऱ्यांना हाकलणे. शेवटची ओळ: वहिनी स्टेजवर, दादाच्या डाव्या हाताला, पाना घेऊन.

वहिनींनी ही ओळ ऐकल्यावर पोळपाट हातात घेतला. "मी? स्टेजवर? गावासमोर? बसून काय करू, लाटू?" त्यांना तयार करायला चार दिवस लागले. शेवटी कोरसच्या साडीनं काम केलं: पांढरी, निळ्या काठाची. ती अंगावर लावून बघितल्यावर त्या आरशासमोरून हलल्या नाहीत.

बोळ्यांचा पहिला सराव फजितीचा झाला. सगळ्यांना स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायला लागला, भाऊ म्हणाले, "मी विहिरीत पडून गायलोय." पण तिसऱ्या रविवारी दादानं एक गाणं संपल्यावर हात थांबवला आणि म्हणाला, "ए, तुझ्या बेंजोत मधली तार अशी बोलते? लई गोड आहे की. आजवर दणक्यात ऐकूच आली नव्हती."

"वर्षानुवर्षं वाजवतोय मास्तर," भाऊ म्हणाले, "आज पहिल्यांदा तारीफ केली. त्यासाठी तुमच्या कानांत बूच मारावं लागलं."

जयंतीला दुपारपासून आम्ही चौकातल्या स्टेजवर. ऊन असं की ढोलकीवर ओला नॅपकिन धरून ठेवला होता. साउंडवाला आमचा नेहमीचा. त्याला मी नवा नकाशा दिला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"आपा, ये आधा लिख्या है. गलती से?"

"गलती नाही. आधा म्हणजे आधा."

"पब्लिक बोलेगी साउंडवाले की मशीन मर गयी. मेरी इज्जत का क्या?"

"पब्लिकसाठीचा आवाज ठेव की. आमच्या तोंडासमोरचा कमी कर. आणि तूही हे घाल," असं म्हणून मी जादा आणलेली बोळ्यांची डबी त्याच्या हातात ठेवली.

"हौ," तो म्हणाला, डबी खिशात घातली आणि माझी पाठ वळल्यावर बटण थोडं वर केलं. मला ते दिसणार हे त्याला ठाऊक होतं. मी नुसतं बघितलं. त्यानं खाली केलं.

वहिनी स्टेजवर चढल्या तेव्हा गल्लीतल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. दादानं ढोलकी मांडीवर घेतली, डोळे मिटले नाहीत. वहिनींकडे बघितलं. हार्मोनियमवर काळी चार. वहिनींनी एक बोट वर केलं: चढवा. मग बोट आडवं: थोडं. मग तळहात: बास. दादा तेवढ्यावर थांबला. पहिल्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "अस्संच बोटावर नाचव त्याला बाई!" आणि सगळा चौक हसला, आणि त्याच हशावर दादानं पहिली थाप मारली.

मी उजव्या टोकाला उभी होते, चांगला कान माणसांकडे करून. उन्हानं चामडं तापलं की सूर हलतो. दर दोन गाण्यांनी दादा मान वळवायचा, वहिनी बोट दाखवायच्या, तो अर्धा आटा फिरवायचा. ज्या माणसानं वर्षभर त्यांचं एक वाक्य धड ऐकलं नव्हतं, तो त्यांच्या बोटाच्या पेरावर लक्ष ठेवून वाजवत होता. आणि काय वाजवलं! ताकद कमी, पण बोटं अशी की प्रत्येक थाप वेगळी कळत होती. सातव्या गाण्याला पुढच्या बायका उठून नाचायला लागल्या. तुमच्या माहितीसाठी, आमच्या मॉनिटरचा आवाज तेव्हाही निम्माच होता.

पुडी टिकली. त्या दिवशी टिकली आणि पुढच्या सगळ्या लग्नसराईतही टिकली. खडीसाखर पूर्वीइतकीच लागायला लागली. दादाची शिट्टी आहे. विचारलं की सांगतो, "आहे. बसलीय कोपऱ्यात, पाहुण्यासारखी. चहा देत नाय मी तिला." भाऊंनीही नंबर लावलाय, त्यांचा निकाल अजून यायचाय. तपासणीला जाताना त्यांना दादानं बजावलं, "ठेक्यात दाबू नकोस, मॅडम हुशार आहे."

जयंतीनंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला निघताना मी ट्रंकेचं झाकण उघडून यादी वाचायला सुरुवात केली. ढोलक्या दोन. पाना एक. हार्मोनियम. बेंजो. तारा. झांजा. साड्या. सेफ्टी पिना. कानातले बोळे. वहिनी. खडीसाखर.

"थांबा," वहिनी गाडीतून म्हणाल्या. "मला पिनांच्या खाली लिहिलंय व्हय?"

"जागा तिथंच होती वहिनी."

"मग जागा करा. नायतर उतरते मी, आणि लावा तुमची ढोलकी तुम्हीच."

दादा खिडकीशी बसला होता, ढोलकी मांडीवर. त्याला एवढ्या गलक्यात ऐकू आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी नवी यादी लिहिली, गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून. वहिनी पहिल्या ओळीत. मग ढोलक्या दोन.